बुधवारचा उपास

शकुन गेल्यावरची पहिली अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, बुधवारी आली, आणि त्यात काही अडचण आहे हे सकाळी उशिरापर्यंत घरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

आलं ते आरतीच्या. आईच्या, शकुनच्या, नावाची घागर भरायची म्हणून ती अकोल्याहून पहिल्या गाडीने मूर्तिजापूरला उतरली होती. तिथून तिचा मोठा भाऊ किशोर तिला मोटारसायकलवर गावात घेऊन आला. अंगणात उतरल्यावर त्याने तिच्या हातातली आंब्यांची पिशवी घेतली.

"च्या घे अन् ओसरीत ये," तो म्हणाला. "मनोज बी आला अमरावतीहून. श्यामची पेशी शुक्रवारी आहे, थे ठरवून घेऊ."

"आज?"

"उद्या तू इथं नाही. परवा पेशी. मंग कधी ठरवू?"

श्यामचं प्रकरण आरतीला फोनवर तिघांनी तीन प्रकारे सांगितलं होतं. तिन्हींत सारखं होतं ते एवढंच. श्याम म्हणजे किशोरचा मुलगा, अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. हिवाळ्यात त्याच्या कॉलेजचं शिबिर सेमाडोहला गेलं होतं. तिथे मुलांनी गट करून पाळीपाळीने स्वयंपाक करायचा होता. मोनाली नावाच्या मुलीच्या गटात पाच मुली होत्या आणि पाचही बौद्ध होत्या. त्यांनी ठरवून तसं केलं नव्हतं, बाकीचे गट आधीच भरले होते. त्यांची पाळी बुधवारी आली. त्या दिवशी श्यामने मुलांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'आज आपला उपास. अजून कोणाचा?' पंचवीसेक जणांनी हात वर केल्याचं चित्र पाठवलं. त्या रात्री सेमाडोहला आलू-वांग्याची भाजी आणि पोळ्या खूप उरल्या. परत आल्यावर मोनालीने कॉलेजच्या समितीकडे तक्रार दिली; शुक्रवारची पेशी, म्हणजे सुनावणी, तिचीच होती.

कॉलेजात जातीवरून कोणाशी भेदभाव होऊ नये असा नियम आहे आणि त्यासाठी ही समिती असते. आरती अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवायची आणि तिथल्या समितीची सभासद होती. घरच्यांच्या मते हे फार सोयीचं होतं.

ओसरीत आरतीचे वडील शेषराव पळसाची पानं पुसत बसले होते. शकुन गेल्यापासून ते कोणाला काही काम सांगत नसत आणि कोणाला नाही म्हणत नसत. धाकटा भाऊ मनोज खुर्चीत होता, श्याम भिंतीला टेकून उभा होता. मनोज अमरावतीला विमा विकायचा. कुठलाही अपघात झाला की त्याच्याकडे उत्तर तयार असायचं.

"ताई, मले एक सांग," मनोज म्हणाला. "मेसेजात जातीचं नाव आहे का? नाही. यानं त्या पोट्टीले काही वाकडं बोललं का? नाही. उपास केला. उपास करणं गुन्हा आहे का?"

"एकट्याने केला तर नाही."

"मंग?"

"पंचवीस जणांना एकाच दिवशी कसा आला?"

"एकादशीले तर सारं गाव करते."

"एकादशीला करते. बुधवारी नाही."

"एक शब्द बोलला नाही थो तिले," किशोर म्हणाला. "न बोलता भेदभाव कसा होईन?"

"नियमात बोलणं लागत नाही, भाऊ. वेगळं वागवलं तरी पुरतं."

"अन् हे काही कॉलेजात झालं नाही. सेमाडोह जंगल आहे."

"जंगलात कॉलेजच गेलं होतं. नियम सोबत जातो."

किशोरला हे पटलं नाही. त्याच्या माहितीत जंगलात फक्त वनखात्याचा नियम चालायचा.

"जास्तीत जास्त काय होईन?" त्याने विचारलं.

"होस्टेल जाईल. एखाद्या परीक्षेला बसू देणार नाहीत. त्याच्या नावापुढे तशी नोंद राहील."

"पोट्ट्याचं साल जाईन, अन् तू असं सांगून राहिली जशी बस चुकली."

"मग कसं सांगू?"

मनोजने हात वर केला. "भांडू नका. बुधवार काहून, एवढंच आपल्याले सांगता आलं पाहिजे. अन् थे सांगता येते. आई बुधवारी गेली."

शेषरावांनी एक पान खाली ठेवलं आणि दुसरं घेतलं.

शकुन बुधवारी गेली हे खरं होतं. पुढचं मनोजने रचलं होतं. आजी गेल्यापासून श्याम तिच्या नावाने दर बुधवारी उपास करतो. शिबिरात त्याने केला, मित्रांनी त्याच्या सोबतीला केला. मोनालीची पाळी त्याच दिवशी आली, त्याला श्याम काय करणार? तसं त्याने समितीला लिहून दिलंही होतं. आता शुक्रवारी घरच्या मोठ्या माणसाने येऊन एवढंच म्हणायचं की हो, आमच्या घरात बुधवार पाळतात.

"कोणतं मोठं माणूस?" आरतीने विचारलं.

"बाबा. म्हाताऱ्या माणसाले, थ्यातही नुकती बायको गेलेल्या माणसाले, कोणी उलटं विचारत नाही."

"बाबांना विचारलं?"

"बाबा इथंच तर आहेत."

सगळ्यांनी शेषरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "एकवीस पानं झाली. पुरतीन का?"

"पुरतीन," किशोर म्हणाला, आणि मग आरतीकडे वळला. "तू नियमवाली आहेस. समिती काय काय विचारीन, थे श्यामले शिकवून ठेव."

"मी नाही शिकवणार."

"तुया कमिटीत तू कोणाच्या बाजूनं बसत अस्शीन, समजलं मले."

"मी बाजूने बसत नाही. समोर बसते." आरतीने कप खाली ठेवला. "शिकवत नाही, पण एक विचारते. आज वार कोणता?"

पहिल्यांदा श्यामच्या लक्षात आलं. तो भिंतीपासून सरळ झाला. मग मनोजच्या. आत पुरण वाटलं जात होतं. ओसरीत वास येत होता.

या घरात पित्तर, म्हणजे गेलेल्याच्या जागी बसवलेलं माणूस, जेवायला बसलं की थोरल्या नातवाने त्याच्या शेजारच्या पानावर बसायचं. नातवाने पहिला घास घेतल्याशिवाय पित्तर घास घेत नाही. शेषरावांच्या आजोबांच्या वेळी शेषराव बसले होते, त्यांच्या वडिलांच्या वेळी किशोर बसला होता. आज श्यामला बसायचं होतं.

"भगर खाईन थो," मनोज म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

*

किशोरची बायको संध्या पहाटेपासून चुलीसमोर होती. पुरणपोळी, वडे, कढी, कुरड्या, आमरस. सासूच्या पहिल्या अखजीला कमी पडलं असं कोणी म्हणू नये म्हणून तिने दोन भाज्याही केल्या होत्या. किशोरने आत येऊन श्यामच्या पानात भगर वाढ म्हटलं, तेव्हा ती पोळी उलटत होती.

"पित्तराच्या शेजारी भगर?"

"आज बुधवार आहे."

"मले माहीत आहे आज बुधवार आहे." मग तिला समजलं. मनोजच्या बुधवाराला सगळ्यात आधी हो म्हणणारी तीच होती. मुलाचं साल वाचत असेल तर सासूबाई वरून रागावणार नाहीत, असं ती म्हणाली होती.

"सारे भाऊबंद येऊन राहिले," किशोर म्हणाला. "अर्ध्या गावाची पोरं त्याच कॉलेजात आहेत. कोणीतरी फोटो टाकते. पुरणपोळी खाताना दिसला की कारभार आटपला."

"भगर नाही केली मी."

"मंग कर."

"कोण्या चुलीवर करू?"

तेवढ्यात दुर्गाबाई आली. ती शकुनच्या माहेरची, अचलपूरकडची, याच गावात दिलेली. शकुन सवाष्ण गेली, म्हणून तिच्या जागी बसायला नवरा असलेली, जातीतली बाई लागत होती. दुर्गाबाईचा नवरा होता आणि तब्येतीने चांगला होता. तिने नवं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे तिने दारातच सांगितलं.

घागरी भरल्या. निखाऱ्यावर तुपाचा घास टाकला. दुर्गाबाई पाटावर बसली, शेजारी श्याम बसला. शेषराव समोरच्या भिंतीशी बसले. त्यांनी दुर्गाबाईला नीट पाहिलं. ती शकुनसारखी अजिबात दिसत नव्हती. त्यांना बरं वाटलं.

संध्याने दुर्गाबाईच्या पानात पोळी वाढली, वर तूप सोडलं. मग श्यामच्या पानाकडे वळली. तिच्या हातात पोळी होती, वाफ निघत होती.

"आई, मले नको," श्याम म्हणाला. "माया उपास आहे."

त्याने पानावर आडवा हात धरला. दारात किशोरचे दोन चुलतभाऊ उभे होते. त्यांच्यासाठी तो बोलत होता हे संध्याला माहीत होतं. हे असंच म्हणायचं, हे ठरलं तेव्हा तिनेच हो म्हटलं होतं. तरी ती वाकलेली तशीच राहिली.

"थ्यानं घेतल्याबिगर मी कशी घेऊ?" दुर्गाबाई म्हणाली. "रीत तुमचीच हाये."

"नुसता हातात धर अन् खाली ठेव," मनोज हळूच म्हणाला.

"थे घेणं झालं का?" दुर्गाबाईने विचारलं. "मी आज शकुन हावो. मले फसवून कसं चालीन?"

संध्या अजून वाकलेलीच होती. तिने श्यामला विचारलं, "काय केलं होतं त्या पोट्टीनं?"

"कोण्या?"

"मोनालीनं."

श्यामने बापाकडे पाहिलं. "आलू-वांग्याची भाजी. पोळ्या."

"किती जणाच्या?"

"साठेक."

"अन् करणाऱ्या पाच." संध्याने मनात हिशेब केला. "कितीकले लागल्या अस्तीन करायले?"

"दुपारपासूनच करत होत्या."

"तू कुठी होता?"

"तिथंच. खेळत होतो."

"वाढाले कोण आलं होतं? थेच का?"

"हो."

"तुयासमोर अशीच आली होती? हातात पोळी घेऊन?"

"हो."

"अन् तू असाच म्हणाला? जसा आता म्हणाला?"

श्यामने पानावरचा हात काढला नाही. "हो," तो म्हणाला.

"मंग तिनं काय केलं?"

"काही नाही. पुढच्याले विचारलं."

"थो काय म्हणाला?"

"थ्याचाही उपास होता."

"भूक लागली होती तुले?"

"लागली होती."

"मंग काय खाल्लं?"

"बिस्किटं."

"उपासाले बिस्किटं चालते का, बाप्पा?" दुर्गाबाई म्हणाली. तिला खरंच माहिती हवी होती.

संध्याने श्यामचा हात मनगटाला धरून पानावरून बाजूला केला आणि पोळी वाढली. वर तुपाची वाटी उपडी केली.

"जेव."

"संध्या," किशोर म्हणाला.

"पहाटेपासून चुलीपाशी आहो मी. जेव म्हटलं थ्याले."

"वहिनी, आधी हो तुमीच तर म्हणत होत्या," मनोज म्हणाला.

"तवा माया हातात पोळी नव्हती."

"आपल्या घरात कोणी असं शिकवलं नाही थ्याले," किशोर म्हणाला. हे तो दारातल्या चुलतभावांकडे पाहून म्हणाला.

"शिकवा लागते का?" संध्या म्हणाली आणि वडे आणायला आत गेली.

समोरच्या भिंतीकडून शेषराव बोलले. सकाळपासून पानांखेरीज ते पहिल्यांदाच बोलत होते.

"शकुननं जन्मात उपास नाही केला," ते म्हणाले. "उपास धरला की दिवसभर खायचंच सुचते म्हणे. तिले साखरेची बिमारी होती, थ्याच्या आधीपासून."

श्यामने पहिला घास घेतला. दुर्गाबाईने त्याच्या पाठोपाठ घेतला आणि मग ती थांबली नाही. दारातल्या चुलतभावांपैकी एकाने फोटो काढला. मनोजने तो पुसायला लावला, पण तोपर्यंत तो ग्रुपवर गेला होता.

जेवणं आटोपल्यावर किशोर शेषरावांच्या शेजारी येऊन बसला. "खाल्लं तर खाल्लं," तो म्हणाला. "अखजीपुरता उपास सोडला म्हणू. बाबा, थो तुमचा नातू आहे. आईले आता काय फरक पडते? थ्याले पडते. शुक्रवारी तुमी एवढं एकच वाक्य सांगा."

"येतो मी," शेषराव म्हणाले.

आरती परत जायला निघाली होती. चपला घालताना तिने वडिलांकडे पाहिलं. ते काय सांगणार हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. हे आईला कळायचं.

*

शुक्रवारी मनोज कार चालवत होता, किशोर त्याच्या शेजारी, आणि मागे शेषराव आणि श्याम. मनोजने सगळं दोनदा सांगून झालं. बडनेरा गेल्यावर शेषरावांचा फोन वाजला. त्यांनी तो श्यामच्या हातात दिला. पहिले फोन शकुन उचलायची. ती गेल्यापासून जो शेजारी असेल तो उचलायचा.

"आत्या आहे," श्याम म्हणाला. "विचारते, कुठपर्यंत पोचले."

"सांग."

श्यामने सांगितलं आणि फोन ठेवला. मग हळू आवाजात विचारलं, "आबाजी, तुमी काय सांगसान?"

"तू काय सांगशीन?"

"काका म्हणतात थे."

"बरं," शेषराव म्हणाले.

कॉलेजात एकाच पालकाला आत सोडत होते. किशोर आणि मनोज खाली गाडीपाशी थांबले. वर खोलीच्या दाराशी बाक होतं. त्यावर एक मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या. मुलीने श्यामकडे पाहिलं, श्यामने जिन्याकडे पाहिलं. बाकावर जागा होती. शेषराव तिच्या आईच्या शेजारी बसले. श्याम उभा राहिला.

"ऊन झालं," शेषराव म्हणाले.

"हो ना," मुलीची आई म्हणाली. "दोन बस बदलून आलो."

तेवढ्यात शिपायाने आधी श्यामला बोलावलं. ऐकून घ्यायच्या क्रमात तो पहिला होता.

आत चार माणसं होती. मधल्या खुर्चीत एक मॅडम, दोन्ही बाजूंना एकेक सभासद, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरवर टाइप करणारा क्लार्क. खिडकीत कूलर होता. कूलरची हवा खेळावी म्हणून दार उघडंच ठेवलं होतं, पण तो इतका मोठ्याने चालत होता की आतलं बाहेर ऐकू जाण्याची भीती नव्हती.

"आजी वारल्या असं समजलं," मॅडम म्हणाल्या. "वाईट वाटलं."

"हो," शेषराव म्हणाले. आठ महिन्यांत या वाक्याला त्यांना दुसरं उत्तर सापडलं नव्हतं.

"त्यांच्यासाठी तुमच्या घरात बुधवारी उपवास असतो, असं श्यामने लिहून दिलंय. तुम्ही घरातले मोठे. असतो का तसा उपवास?"

शेषरावांनी हात गुडघ्यांवर ठेवले. मनोजने सांगितलेलं वाक्य सोपं होतं. हो म्हटलं की झालं असतं.

"नाही," ते म्हणाले.

क्लार्कने टाइप केलं.

"परवा बुधवारच होता," शेषराव म्हणाले. "आमी पुरणपोळी खाल्ली. यानंही खाल्ली. अन् ती गेली त्या बुधवारीही मी खाल्लं होतं. अकोल्याच्या दवाखान्यात. सकाळपासून बसून होतो, तर तिनंच मले खाली धाडलं. जा म्हणे, काही खाऊन या. मी पोहे खाऊन वर आलो, तवा ती गेली होती. तिच्या नावानं आमच्या घरात कोणी उपाशी राहत नाही."

उजवीकडच्या सभासदाने चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"मग मुलाने तसं का लिहिलं?"

"आमी सांगितलं."

"आम्ही म्हणजे?"

"घरचे. मी तिथंच होतो. परवाही तिथंच बसून पानं पुसत होतो. तवाही बोललो नाही."

मॅडमनी श्यामकडे पाहिलं. श्याम आजोबांकडे पाहत होता. त्याला राग आला होता का, हे शेषरावांना समजलं नाही. त्याच्या ओठांवर घाम आला होता.

"श्याम," मॅडम म्हणाल्या, "घरच्यांनी सांगितलेलं बाजूला ठेव. त्या दिवशी तू का जेवला नाहीस?"

मॅडमनी घाई केली नाही. मग श्याम काहीतरी बोलला.

"ऐकू नाही आलं," क्लार्क म्हणाला. "कूलर बंद करा बरं जरा."

शिपायाने बटण दाबलं. पंखा घरघरत मंद झाला आणि थांबला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की खाली अंगणातली गाडी ऐकू आली.

"आता सांग," मॅडम म्हणाल्या.

"तिनं केलं होतं म्हणून," श्याम म्हणाला. मग आपणहून पुढे म्हणाला, "बाकी काही नव्हतं. भाजी चांगली होती."

क्लार्कने ते टाइप केलं. उघड्या दारातून शेषरावांना बाक दिसत होतं. मुलीची आई उठून उभी राहिली होती. तिने पदर सारखा केला आणि मुलीच्या दंडाला हात लावला.

"चाल," ती म्हणाली. "तो म्हणाला तोंडानं. झालं आता."

"बस, आई," मोनाली म्हणाली. "माझं सांगायचं राहिलंय अजून."